हार्टचं ऑपरेशन झालेल्या मुलांची विकास तपासणी आणि शाळेची तयारी: नवीन पालकांनी कुठून सुरुवात करायची

बाळाच्या हार्टचं ऑपरेशन झालं, टाके सुकले, इको (हार्टची सोनोग्राफी) चांगला आला, डॉक्टर म्हणाले आता सहा महिन्यांनी दाखवा, आणि बहुतेक घरांत सगळे सुटकेचा श्वास टाकून कामाला लागतात. टाकायलाच हवा, खूप सोसलेलं असतं. पण ज्या मुलांचं मोठं ऑपरेशन पहिल्या वर्षात झालंय किंवा जी रक्तात ऑक्सिजन कमी पडून बरेच महिने निळी राहिली होती, त्यांचं बोलणं, चालणं, हाताची कामं, लक्ष, पुढे अभ्यास, या सगळ्याची वेगळी तपासणी ठराविक वयात करून घ्यावी लागते. आणि आपल्याकडे ती मागितल्याशिवाय बहुतेक ठिकाणी होत नाही. कार्डियोलॉजिस्टच्या ओपीडीत बाहेर शंभर माणसं बसलेली असतात, त्यांना हार्ट बघायला वेळ पुरत नाही, "आई, मूल दोन शब्द जोडून बोलतं का" हे कोण विचारणार. म्हणून हे आपणच विचारायचं.

माझ्या मुलीला टेट्रालॉजी ऑफ फॅलो, म्हणजे चार दोष एकत्र असलेला हार्टचा जन्मजात आजार होता, बाळ असतानाच ऑपरेशन झालं, आता ती सातवीत आहे. गेली काही वर्षं नवीन आईवडिलांचे फोन येतात आणि प्रश्न तेच ते असतात, म्हणून सगळं एका जागी क्रमाने लिहून ठेवतेय.

पहिलं काम: कारण समजून घ्या, म्हणजे घरच्यांना सांगता येईल

"हार्टचा प्रॉब्लेम होता ना, मग डोक्याची तपासणी कशाला?" हा प्रश्न आजीआजोबांकडून येणारच. उत्तर असं आहे की पोटात असतानाच बाळाच्या मेंदूला रक्त आणि ऑक्सिजन हार्टच पोचवतं, आणि हार्टची रचना फार वेगळी असेल तर मेंदूची वाढ थोडी मागे राहू शकते. काही गंभीर प्रकारांत पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाचा मेंदूसुद्धा साधारण महिनाभर कमी पिकलेला दिसतो, हे एमआरआयच्या अभ्यासांत आढळलंय. त्यावर मग निळेपणा, ऑपरेशनच्या वेळी हार्ट-फुप्फुसांचं काम करणारं बायपास मशीन, आयसीयूतले दिवस, दूध पिताना दम लागून घामाघूम होणं आणि वजन न वाढणं, पोटावर पालथं पडून खेळायला न मिळणं, हे एकावर एक चढत जातं. यात आईने गरोदरपणी काय खाल्लं, कुठलं ग्रहण पाळलं नाही याचा काही संबंध नाही, आणि हे घरात एकदा मोठ्याने बोलून टाका, कारण बऱ्याच आया ते ओझं मुकाट वाहत असतात.

आणखी एक गोष्ट नीट कळली पाहिजे. ही मुलं "मंद" असतात असं अजिबात नाही. अमेरिकेत बॉस्टनला १९८८ ते १९९२ या काळात मोठ्या रक्तवाहिन्या उलट्या जोडलेल्या बाळांची ऑपरेशनं झाली आणि त्या मुलांना मोठी होईपर्यंत तपासत राहिले. सोळाव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्ध्यांक इतर मुलांच्या जवळपासच होता, पण ६५ टक्के मुलांना शाळेच्या वर्षांत कधी ना कधी अभ्यासासाठी किंवा वागणुकीसाठी जादा मदत घ्यावी लागली होती. म्हणजे मूल हुशार, गप्पा छान मारतं, पण फळ्यावरचं उतरवताना मागे पडतं, तीन सूचना एकदम दिल्या की दुसरी विसरतं, गणितात आकडे एकाखाली एक येत नाहीत, जागेवर बसवत नाही. वर्गात याला "आळशी" म्हणतात. तो शिक्का बसायच्या आत तपासणी झाली पाहिजे, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

आपलं मूल जास्त जोखमीच्या गटात येतं का, ते बघा

सगळ्यांना सगळं लागत नाही. लहानसं भोक होतं, आपोआप बुजलं, किंवा मोठेपणी छत्रीसारखं डिव्हाइस लावून बंद केलं, मूल बाकी सगळं वेळेत करतंय, तर लसीकरणाच्या वेळी बालरोगतज्ज्ञ जी नेहमीची विकासाची चौकशी करतात ती पुरते, उगाच घाबरू नका.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये कोणत्या मुलांना जास्त धोका याची यादी दिली आणि २०२४ मध्ये ती नव्याने मांडली. त्यातल्या मुख्य गोष्टी आपल्या भाषेत अशा: पहिल्या वर्षाच्या आत ओपन हार्ट सर्जरी, निळेपणाचा आजार, हार्टच्या दोषासोबत अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, डाऊन सिंड्रोम किंवा २२क्यू११ डिलीशनसारखी (गुणसूत्राचा छोटा तुकडा नसणं) जनुकीय कारणं, हार्ट-फुप्फुसांचं काम बाहेरून करणाऱ्या एकमो मशीनवर ठेवावं लागणं, हृदय बंद पडून सीपीआर (छातीवर दाब) द्यावा लागणं, ऑपरेशननंतर दोन आठवड्यांहून जास्त हॉस्पिटलात राहणं, फिट येणं, डोक्याचा घेर कमी असणं किंवा मेंदूच्या स्कॅनमध्ये काही दिसणं. यातलं एक जरी लागू असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

डिस्चार्ज कार्ड काढा आणि पेन घेऊन बसा. बायपासची वेळ, व्हेंटिलेटरचे दिवस, फिट आली होती का, हे सगळं त्यात असतं, फक्त इंग्रजी आखूड शब्दांत असतं. कळलं नाही तर फॅमिली डॉक्टरकडे नेऊन समजून घ्या. जनुकीय तपासणी सुचवली असेल आणि खर्चामुळे राहिली असेल तर निदान विचारून ठेवा ती कशासाठी होती, कारण २२क्यू११ असेल तर कॅल्शियम कमी होणं, टाळूचा दोष, नाकातून बोलणं आणि अभ्यासातल्या अडचणी हे सगळं एका धाग्यातलं निघतं आणि स्पीच थेरपिस्टला ते आधी माहीत असलं की उपचाराची दिशाच बदलते.

कोणत्या वयात तपासायचं

पहिल्या वर्षात दर भेटीला साधी चौकशी चालू ठेवायची. मान धरायला पाचवा महिना उलटला, आधाराशिवाय बसायला नववा उलटला, दीड वर्षाला चालत नाही, दीड वर्षाला एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांला दोन शब्द जोडत नाही, किंवा कुठल्याही वयात येत असलेली गोष्ट यायची बंद झाली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवायचं. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर वय मोजताना तेवढे आठवडे वजा करतात, दोन वर्षांपर्यंत.

त्याशिवाय सविस्तर चाचणीचे टप्पे म्हणजे एक ते दोन वर्षांच्या दरम्यान, मग तीन ते पाच म्हणजे शाळेच्या आधी, आणि मग अकरा-बारा. मूल ठीक दिसत असलं तरी. का, तर प्रत्येक वयात वेगळं काहीतरी उघडं पडतं. दीड वर्षाला चालणं-बोलणं दिसतं, चार वर्षांला पेन्सिल धरणं, गोष्ट सांगणं, एका जागी बसणं दिसतं, आणि नियोजन, वह्या सांभाळणं, मोठा धडा वाचून त्यातलं नेमकं काढणं हे तर पाचवी-सहावीत विषय वाढल्यावरच कळतं. एकदा "नॉर्मल" आलं म्हणून फाईल बंद करू नका.

ऐकण्याची आणि डोळ्यांची तपासणी याच्या आधी. बोलायला उशीर होतोय असं वाटलं की पहिली बेरा ही ऐकण्याची टेस्ट, मग बाकीचं. आयसीयूत बरेच दिवस राहिलेल्या बाळांना काही औषधांमुळेही ऐकण्याला धक्का बसू शकतो. डाऊन सिंड्रोम असेल तर थायरॉईडही.

कुठे जायचं

सरकारी वाट आधी सांगते कारण ती फुकट आहे आणि लोकांना माहीत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, आरबीएसके, हा ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्या पालघरलाच सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं यात येतात. त्यांची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा येते, त्यात डॉक्टर असतात. हार्टचे दोष आणि विकासातला उशीर दोन्ही त्यांच्या यादीत आहेत. अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना सांगा की गाडी येईल तेव्हा आमच्या मुलाचं नाव आठवणीने घ्या. तिथून जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीला पाठवतात, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, आणि तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, स्पीच, सायकॉलॉजिस्ट, विशेष शिक्षक एका छताखाली असावेत अशी रचना आहे. सगळी पदं भरलेली असतीलच असं नाही, म्हणून जाण्याआधी फोन करून कोण कुठल्या वारी बसतं ते विचारा, नाहीतर गडचिरोलीच्या टोकाहून एसटीने यायचं आणि थेरपिस्ट रजेवर. ऑपरेशन अजून बाकी असेल तर आरबीएसके आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, दोन्हींबद्दल हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा, मुलांच्या हार्टची बरीच ऑपरेशनं त्यात बसतात.

मुंबईत वाडिया, केईएम, सायन, नायर ही मोठी रुग्णालयं आहेतच, कान आणि बोलण्यासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे, आणि २००१ पासून काम करणारं उम्मीद हे बालविकास केंद्र आहे. इतर शहरांत मेडिकल कॉलेजच्या बालरोग विभागात "डेव्हलपमेंट क्लिनिक कोणत्या वारी असतं" एवढं विचारायचं. खासगीत जात असाल तर "डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन" हा शब्द वापरून शोधा. नुसतं फळ्यावर "चाइल्ड डेव्हलपमेंट" लिहिलेल्या आणि एकदम वर्षाचं पॅकेज सांगणाऱ्या जागेपासून जरा जपून, आधी तपासणी, मग कोणती थेरपी आणि किती, हा क्रम उलटा करू देऊ नका.

तपासणीच्या दिवशी

ऑपरेशननंतर लगेच, ताप-सर्दीत, किंवा झोपेच्या वेळेला चाचणी ठेवू नका. पोट भरलेलं हवं. सोबत डिस्चार्ज कार्ड, शेवटचा इको, माता-बाल संरक्षण कार्ड (त्यात जन्माचं वजन असतं), चालू औषधांची नावं, आणि मोबाइलमध्ये घरच्या खेळण्याबोलण्याचे दोन-तीन छोटे व्हिडिओ, कारण बरीच मुलं तिथे गप्प होतात.

आमच्या मुलीची दीड वर्षाची चाचणी मला अजून डोळ्यांसमोर आहे. छोटं टेबल, लाल ठोकळे, एक कप, एक घंटी. बाई ठोकळा कपाखाली लपवायच्या आणि ही कप उचलते का बघायच्या. मग ठोकळ्यांचा मनोरा. तिसरा ठोकळा ठेवताना तिचा हात थरथरायचा आणि ती माझ्याकडे बघायची, आणि माझा हात आपोआप पुढे गेला तर बाई शांतपणे म्हणाल्या, "आई, तुम्ही फक्त बसा." तेवढंच करायचं असतं आपण. मदत केली की आकडा चांगला येतो आणि मुलाची खरी अडचण लपते.

अडीच वर्षांपर्यंत आपल्याकडे बहुधा डीएएसआयआय ही चाचणी करतात, भारतीय बाळांवर बसवलेली. घरातलं वागणं, स्वतःचं जेवणं-कपडे घालणं यासाठी आईवडिलांना विचारून व्हीएसएमएस भरतात. मोठ्या मुलांचा बुद्ध्यांक काढायला मालिन यांची मिसिक, जी नागपुरात तयार झाली, किंवा बिने-कामत, जी मराठी आणि कन्नड मुलांसाठीच बसवली होती. एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, घरात कोणती बोली बोलता. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठीत किंवा इंग्रजीत प्रश्न विचारले तर त्याला न कळणं आणि न येणं यात फरक राहत नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर

सगळ्यांची नजर थेट एका आकड्यावर जाते. तो आकडा बाजूला ठेवा आणि समोर बसलेल्या सायकॉलॉजिस्टला हे विचारा: कोणत्या भागात चांगला आहे, कोणत्या भागात मागे, त्याचा घरी रोज काय उपयोग करायचा, कोणती थेरपी आठवड्यातून किती वेळा, आणि पुन्हा कधी बघायचं. भाषा आणि हाताची कामं यांचे आकडे वेगवेगळे मागा, कारण सरासरी काढली की एक खड्डा एका टेकडीखाली बुजतो. रिपोर्ट इंग्रजीतच मिळेल, तरी शेवटच्या चार ओळी मराठीत लिहून द्या म्हणावं, शाळेत त्याच कामाला येतात.

थेरपी लगेच सुरू करायची. "मुलगे उशिराच बोलतात", "त्याचा काकापण चार वर्षांनी बोलला" हे ऐकायला येईल, हसून ऐका आणि दुसऱ्या दिवशी बाळाला घेऊन निघा. नळीने दूध घेतलेल्या बाळांना तोंडात काही घालायचीच भीती बसते, घट्ट खाणं थुंकतात, त्यावर जबरदस्ती न करता स्पीच किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून शिकून घ्या. छातीचं हाड जुळेपर्यंत, साधारण सहा ते आठ आठवडे, बाळाला काखेत धरून उचलायचं नाही, एक हात मानेखाली आणि एक कुल्ल्याखाली. त्यानंतर सर्जनला विचारून पालथं ठेवणं रोज थोडं थोडं सुरू करा. पुष्कळ घरांत भीतीने वर्षभर बाळाला कडेवरच ठेवतात, मग मान, खांदे, रांगणं सगळंच लांबतं.

शाळा: जूनच्या आधी एक पान

आजार लपवून प्रवेश घ्यावा का, असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. माझं मत स्पष्ट आहे, लपवू नका. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षण हक्क कायद्याने जवळच्या शाळेत शिकायचा हक्क आहे, आणि वर्गात मूल अचानक निळं पडलं तर बाईंना काय करायचं ते माहीत असणं कुठल्याही प्रवेशापेक्षा मोठं आहे.

पण जाडजूड फाईल देऊन उपयोग नाही, ती कपाटात जाते. एकच पान द्या, मराठीत, कार्डियोलॉजिस्टची सही-शिक्का असलेलं, आणि वर्गशिक्षिका, पीटीचे सर, मुख्याध्यापक आणि रिक्षाकाका किंवा बसमधल्या मावशी, सगळ्यांना एकेक प्रत. मी दिलेलं साधारण असं होतं:

"माझी मुलगी इयत्ता पहिलीत आहे. तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं असून ती आता रोज शाळेत येऊ शकते. ती धावू-खेळू शकते, दम लागला की तिला स्वतःहून बसू द्यावं, 'अजून एक फेरी' असा आग्रह करू नये. पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी, लघवीला विचारल्याबरोबर सोडावं. ओठ-नखं निळी दिसली, छातीत धडधडतंय म्हणाली, चक्कर आली, तर खाली बसवून मला फोन करावा. बेशुद्ध पडली तर आधी १०८ ला फोन, मग मला. श्वास चालत नसेल तर छातीवर दाब द्यायला लगेच सुरुवात करावी, ऑपरेशन झालंय म्हणून थांबू नये. फळ्यावरचं उतरवायला तिला वेळ लागतो, त्यासाठी शिक्षा करू नये. तिच्या आजाराबद्दल वर्गात सगळ्यांसमोर बोलू नये, तिला स्वतःला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल."

तुमच्या मुलाप्रमाणे ओळी बदला. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर डोक्याला मार लागल्यावर बाहेरून काही दिसत नसलं तरी तडक हॉस्पिटल, आणि विचारल्याशिवाय कुठलीही दुखण्याची गोळी नाही, हे ठळक लिहा. टेट्रालॉजीचं ऑपरेशन अजून झालेलं नसेल तर मूल मध्येच उकिडवं बसतं, ते खोडी करत नसतं, त्याने त्याला बरं वाटतं, त्याला उठवू नका. लघवीची गोळी सकाळी घेत असेल तर पहिल्या दोन तासांत तीनदा बाहेर जाईल. वातज्वरामुळे झडपा खराब झालेल्या मुलांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं, त्या दिवसाची गैरहजेरी आधीच कळवून ठेवा, आणि परीक्षा आहे म्हणून इंजेक्शन पुढे ढकलू नका.

पत्र देऊन घरी यायचं नाही. दहा मिनिटं बसून बोला, शिक्षकही घाबरलेले असतात. एका शाळेत पीटीच्या सरांनी आमच्या मुलीला अख्खं वर्ष मैदानाच्या कडेला बाकावर बसवून ठेवलं होतं, सगळ्यांच्या चपला राखायला. त्यांच्या मनात काळजीच होती, पण ती रोज घरी येऊन विचारायची, मला का घेत नाहीत. मग कार्डियोलॉजिस्टकडून "काय चालेल" याची यादी लिहून आणली. डॉक्टर बऱ्याचदा फक्त "श्रमाचे खेळ टाळावेत" लिहितात, त्याने सगळंच बंद होतं. विचारा की लंगडी चालेल का, सायकल, पोहणं, कवायत, आणि कबड्डी का नाही. पेसमेकर किंवा रक्त पातळ करायची गोळी असेल तर अंगावर आदळायचे खेळ नकोत, पण बहुतेक मुलांनी हलतं-खेळतं राहणंच त्यांच्या हार्टसाठी आणि मनासाठी चांगलं असतं.

वर्गात काय मागायचं

यातलं बरंचसं द्यायला शाळेला कुठलं सर्टिफिकेट लागत नाही, फक्त मन लागतं. तळमजल्यावरचा वर्ग. पुढचा बाक. दप्तर हलकं, केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंतच ओझं सांगितलंय, आणि आपली मुलं वजनाने आधीच कमी असतात, म्हणजे वीस किलोच्या मुलाला दोनच किलो, त्यामुळे पुस्तकांचा एक संच वर्गातच ठेवू द्यावा. गणिताला चौकटीची वही, म्हणजे आकडे सरकत नाहीत. एका वेळी एकच सूचना, आणि ती फळ्याच्या कोपऱ्यात लिहून. फळ्याचा फोटो किंवा मित्राच्या वहीची झेरॉक्स. गृहपाठ अर्धा, पण रोज. हॉस्पिटलमुळे महिना बुडाला तर सगळ्या वह्या पूर्ण करायला न लावता मुख्य धडे कोणते ते सांगावं. मला यातली चौकटीची वही आणि एकेक सूचना या दोन गोष्टी सगळ्यात जास्त कामाला आल्या.

जिल्हा परिषद, पालिका किंवा अनुदानित शाळा असेल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेमध्ये समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून येतात. मुख्याध्यापकांना सांगा की आमच्या मुलाचं नाव विशेष गरजांच्या यादीत घ्या, आणि लेखी अर्ज द्या, एका प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेलं जूनमध्ये आठवतं, दिवाळीत कुणाच्या लक्षात नसतं.

सर्टिफिकेट आणि परीक्षेच्या सवलती

इथे खूप गैरसमज आहेत. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत आणि त्यात हृदयरोग नाही. म्हणजे नुसत्या हार्टच्या आजारावर दिव्यांग सर्टिफिकेट मिळत नाही, कुणी पैसे घेऊन काढून देतो म्हणाला तर उठून या. पण त्याच मुलाला बौद्धिक अक्षमता, ऐकण्याचा किंवा बोलण्याचा दोष, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा अध्ययन अक्षमता असेल तर त्यावर मिळतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात, आणि कार्डाला यूडीआयडी म्हणतात. अक्षमता ४० टक्के किंवा जास्त असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क याच कायद्यात आहे.

अध्ययन अक्षमतेची चाचणी साधारण आठ वर्षांनंतर, तिसरीच्या आसपास करतात. त्याआधी "डिस्लेक्सिया आहे" असं कुणी छातीठोक सांगितलं तर जरा थांबा, मदत मात्र थांबवू नका. आणि ज्यांचा बुद्ध्यांक ७० ते ८४ च्या पट्ट्यात येतो ती मुलं सगळ्यात जास्त लोंबकळतात, ४० टक्क्यांची रेघ गाठत नाहीत आणि वर्गात झेपतही नाही. त्यांच्यासाठी शाळेशी बोलणंच हाताशी राहतं, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा पर्याय, जिथे विषय निवडून थोडे थोडे देता येतात.

दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. केंद्राच्या नियमात तासाला वीस मिनिटं जादा वेळ आहे, गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. हे सगळं नववीतच सुरू करा. सरकारी रुग्णालयात चाचणीची तारीख मिळायलाच काही महिने जातात, आणि सर्टिफिकेट जुनं झालं असेल तर पुन्हा करायला सांगतात.

मोठं होताना

अकरा-बाराच्या चाचणीत सायकॉलॉजिस्टला मनाबद्दलही विचारायला सांगा. छातीवरची रेघ लपवायला गळ्यापर्यंत बटणं लावणं, पोहायला नको म्हणणं, रात्री झोपताना "मी मरणार का" विचारणं, हे बऱ्याच मुलांत असतं. खरं आणि साधं उत्तर द्या. आमच्या मुलीने चौथीत विचारलं तेव्हा आम्ही तिचाच जुना इको काढून कागदावर हार्ट काढून दाखवलं, कुठे भोक होतं, कुठे ठिगळ लावलं. दुसऱ्या दिवशी तिने ते चित्र वर्गात नेलं. भावंडांकडेही बघा, वर्षानुवर्षं घरातलं सगळं लक्ष एकाकडे असतं.

औषधाची नावं, आजाराचं नाव, शेवटच्या इकोची तारीख, हे मुलाला स्वतःला पाठ हवं, साधारण नववीपासून. दात स्वच्छ ठेवणं आणि दातांच्या डॉक्टरांना हार्टचं आधी सांगणं हेही त्यानेच करायचं, कारण काही मुलांना दाताच्या कामाआधी अँटिबायोटिक लागतं.

अमेरिकेत असलेल्यांसाठी थोडं: तिथे तीन वर्षांपर्यंत अर्ली इंटरव्हेन्शन (लहान मुलांना लवकर थेरपी देणारी सेवा) आणि पुढे शाळेत आयईपी (त्या मुलापुरती शिक्षणाची लेखी योजना) किंवा ५०४ प्लॅन (वर्गातल्या सवलतींची लेखी योजना) मागता येतो, आणि तिथल्या विशेष शिक्षणाच्या कायद्यात हार्टचा आजार "इतर आरोग्य अडचणी" या गटात नाव घेऊन आहे, त्यामुळे आपल्यासारखी दुसऱ्या निदानाची वाट बघावी लागत नाही. फक्त विनंती लेखी द्या. भारतात ऑपरेशन करून तिकडे गेला असाल तर डिस्चार्ज कार्डाची स्कॅन प्रत सोबत न्या.

आणि आरबीएसके अठराव्या वर्षी संपतं, मुलांचे कार्डियोलॉजिस्टही साधारण तेव्हाच मोठ्यांच्या डॉक्टरकडे पाठवतात, तर बारावीच्या सुट्टीत सगळ्या रिपोर्टांचे फोटो काढून एका फोल्डरमध्ये टाका, तो मुलाच्या स्वतःच्या मोबाइलवर द्या, आणि ऑपरेशनची तारीख, हॉस्पिटल, सर्जनचं नाव आणि नेमकं काय केलं हे चार ओळींत सगळ्यात वर लिहा.